बंबाचा सांधा

आमच्या साताऱ्याच्या घरी आजोबांच्या काळातला तांब्याचा बंब आहे. वर्षभर तो माळ्यावर पडून असतो. नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी खाली येतो, चिंच-मिठाने घासून लालबुंद होतो आणि चार दिवस मिरवून परत वर जातो. पाच वर्षांपूर्वी त्या पहाटे, साडेचारच्या सुमारास, मी बंबात नारळाच्या शेंड्या आणि लाकडाच्या ढलप्या घातल्या, जाळ केला आणि चहा प्यायला आत गेलो. पाणी आईने रात्रीच भरलंय असं मी धरून चाललो होतो. ते मी भरलंय असं ती धरून चालली होती. चहा संपवून बाहेर आलो तर वेगळाच वास. जाळ ओढून काढला, बंब निवू दिला, मग पाणी ओतलं. तोटीच्या बुडाशी धार लागली.

नंतर नीट पाहिल्यावर उलगडा झाला. ती तोटी कधीतरी कुणीतरी कथील-शिशाच्या डाकाने बसवलेली होती. हा नेहमीचा मऊ डाक १८३ अंश सेल्सिअसला वितळायला लागतो. बंबात पाणी असेतो तांब्याचा पत्रा शंभराच्या फार पुढे जाऊच शकत नाही, म्हणून तो डाक इतकी वर्षं टिकला. कोरड्या बंबात मात्र पत्र्याला आवरणारं कुणी नव्हतं. डाक घाम फुटल्यासारखा ओघळला.

पुढची हकिकत बहुतेकांच्या ओळखीची असेल. आधी एमसील लावून पाहिलं, दुसऱ्या दिवशी सुटलं. फॅब्रिकेशनच्या दुकानात नेला तर तिथल्या मुलाने बंबाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाला, ‘काका, तांब्याला आपला रॉड लागत नाय.’ भंगारवाल्याने मात्र लगेच काटा काढला. तो काटा पाहून मला राग आला आणि त्या रागातून आमच्या मागच्या पडवीत एक छोटी वर्कशॉप उभी राहिली. पाच वर्षांत तिथे मी जेवढे सांधे जुळवले, त्याहून जास्त बिघडवले. हा लेख मुख्यतः बिघडलेल्यांबद्दल आहे.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आपल्याकडे ‘वेल्डिंग मारून घे’ हे सगळ्यालाच म्हणतात. प्रत्यक्षात तिथे तीन वेगळी कामं आहेत. वेल्डिंगमध्ये दोन तुकड्यांच्या कडा स्वतः वितळतात, एकमेकींत मिसळतात आणि थिजून एक होतात. ब्रेझिंगमध्ये मूळ तुकडे वितळतच नाहीत; त्यांच्यापेक्षा कमी तापमानाला वितळणारा तिसरा धातू फटीत शिरतो आणि दोघांना धरून बसतो. डाक लावणं, म्हणजे सोल्डरिंग, हेही तसंच. फक्त तिसरा धातू आणखी लवकर वितळणारा. या दोघांमधली रेघ जगभर ४५० अंशांवर आखलेली आहे. त्याच्या खाली सोल्डरिंग, वर ब्रेझिंग. सोनार आणि तांबट शतकानुशतकं ब्रेझिंगच करत आले आहेत, पण त्यांच्या तोंडी त्याला डाकच म्हणतात.

बंबाच्या निमित्ताने मी पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत दोन-तीन खेपा घातल्या. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांची ही वस्ती. आता तिथे घरगुती हंडे कमी आणि मठारकाम केलेल्या शोभेच्या वस्तू जास्त बनतात, तरी ठोक्यांचा आवाज अजून येतो. तिथल्या एका वयस्क कारागिराने माझ्या मोबाइलमधला बंबाचा फोटो मोठा करून पाहिला आणि तोटीबद्दल एक शब्द न बोलता उभ्या सांध्यावर बोट ठेवलं. ‘हे बघा. हे सुटलंय का?’ सुटलं नव्हतं. कोरड्या जाळातही त्याला काही झालं नव्हतं.

तो सांधा मी तोवर पाहिलाच नव्हता. जुन्या तांब्याच्या हंड्याला किंवा बंबाला वरपासून खालपर्यंत एक दातेरी, किंचित पिवळी रेघ असते. पत्र्याच्या एका कडेला कात्रीने काप देऊन दाते करायचे, एक दाता आत, एक बाहेर असे वाकवायचे, दुसरी कड त्यांच्या मधे सारायची आणि ठोकून सपाट करायचं. मग त्यावर टाकणखार आणि पितळेचा कीस पाण्यात कालवून लावायचा आणि कोळशावर लाल करायचं. तांबं १,०८५ अंशांना वितळतं. पितळ त्याच्या बरंच आधी, नऊशेच्या आसपास. त्यात जस्त जितकं जास्त तितकं लवकर. या दीड-दोनशे अंशांच्या फरकातच तांबटाची सगळी कारागिरी आहे. कीस वितळून रेघेतून पळताना दिसला की काम लगेच भट्टीबाहेर. दोन श्वास उशीर झाला तर पत्र्याला भोक.

दाते कापण्याचं कारण मला नंतर आयटीआयमधून निवृत्त झालेल्या वेल्डिंगच्या एका निदेशकांनी समजावलं. आम्ही त्यांना सर म्हणतो. ते म्हणाले, ‘ब्रेझिंगचा सांधा टोकाला टोक लावून करायचा नसतो. एकावर एक चढवायचा.’ वितळलेला धातू फटीत शिरतो तो दिव्याच्या वातीत तेल चढतं त्याच नियमाने. फट जितकी अरुंद, तितका तो आत ओढला जातो. चांदीच्या ब्रेझिंगला पाच शतांश ते साधारण एक दशांश मिलिमीटर फट लागते, म्हणजे वहीचा कागद जेमतेम सरकेल एवढी. फट रुंद ठेवली तर धातू नुसता कडेला साचतो, आत जात नाही, आणि आत गेलेला नाही हे बाहेरून कळतही नाही. वर छान गोल वरंबा, आत पोकळ. माझे पहिले दहा-बारा सांधे असेच होते. व्हाइसमध्ये धरून हातोडी मारली की सोलून निघत.

माझी पहिली ज्योत म्हणजे पुडिंगवर साखर जाळायचा स्वयंपाकघरातला टॉर्च. त्यावर तांब्याच्या दोन पट्ट्यांची जोडी दहा मिनिटं धरली, ब्रेझिंगची कांडी टेकवली, काही होईना. मग मी ज्योत थेट कांडीवर धरली. ती लगेच वितळली, टपटप थेंब पडले आणि तांब्यावरून घरंगळून खाली गेले, अळवावरचं पाणी घरंगळतं तसे.

या एका प्रसंगात तीन चुका होत्या आणि माझ्या माहितीतल्या प्रत्येक नवशिक्याने त्या तिन्ही केल्या आहेत. पहिली चूक ज्योतीची. मेणबत्तीच्या ज्योतीचा सर्वांत तापलेला भागही चौदाशे अंशांपर्यंत जातो. तांबं वितळायला हे पुरेसं आहे, पण मेणबत्तीवर कुणी बंब तापवत नाही. प्रश्न ज्योत किती तापलेली आहे हा नसतो, ती दर क्षणाला किती उष्णता ओतते हा असतो. त्यातून तांबं उष्णता वाहून नेण्यात साध्या पोलादाच्या सात-आठ पट तरबेज. तुम्ही एका टोकाला ओता, ते दुसऱ्या टोकाला उधळून टाकतं. मोठ्या तोंडाची ज्योत हवी, आणि कामाभोवती भट्टीच्या हलक्या विटांचा आडोसा. माझ्याकडे विटा आल्या तो दिवस मला टॉर्च आणला त्या दिवसापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. चार विटांनी अर्धं काम केलं. (कोब्यावर किंवा काँक्रीटच्या जमिनीवर मात्र थेट ज्योत लावू नका. आतल्या ओलीची वाफ होते आणि कपचा उडतो. माझ्या पडवीत त्याची खूण आहे.)

दुसरी चूक, आग कांडीला दिली. आग कामाला द्यायची. दोन्ही तुकडे सारखे तापले पाहिजेत. जाड तुकड्याला जास्त वेळ, पातळ तुकड्याला ओझरती. मग ज्योत किंचित बाजूला करून कांडी सांध्याला टेकवायची आणि ती तापलेल्या धातूने वितळवायची. वितळलेला धातू नेहमी जास्त तापलेल्या बाजूकडे धावतो. म्हणून कांडी एका बाजूने लावायची आणि ज्योत दुसऱ्या बाजूने धरायची, म्हणजे तो फटीतून आरपार ओढला जातो. पलीकडे बारीक चकचकीत रेघ उमटली की समजायचं, भरला. ती रेघ पहिल्यांदा दिसली तेव्हा मी पडवीत एकटाच होतो आणि तरी मोठ्याने ‘आलं, आलं’ म्हणालो.

तिसरी चूक सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत कंटाळवाणी: साफसफाई. धातू उघड्यावर तापला की त्यावर ऑक्साइडचा थर चढतो आणि वितळलेला धातू त्या थराला चिकटत नाही. कल्हईवाला आठवा. भांडं तापलं की तो नवसागराची चिमूट टाकायचा, पांढरा धूर उठायचा, मग कथलाचा तुकडा फिरवून कापसाने पुसला की क्षणात आतून चांदी. ती जादू नवसागराची होती. कल्हईचं कथील २३२ अंशांना वितळतं, तिथे नवसागर पुरतो. ब्रेझिंगच्या तापात तो उडून जातो, म्हणून तिथे टाकणखार. टाकणखार तापला की आधी लाहीसारखा फुगतो, मग बसतो आणि साडेसातशेच्या जवळपास काचेसारखा पातळ होऊन धातूवर पसरतो. तो थर ऑक्साइड विरघळवतो आणि हवेला आत येऊ देत नाही. पण टाकणखार म्हणजे साबण नव्हे. तेल, रंग, गंज, बोटांचे ठसे हे आधी पॉलिश पेपरने आणि धुऊन काढावेच लागतात, आणि घासलेल्या जागेला मग हात लावायचा नाही. सांध्यासाठी लागणाऱ्या एका तासातली पंचेचाळीस मिनिटं मी घासण्यात घालवतो, दहा मिनिटं बसवण्यात, आगीला पाच. मित्रमंडळी आग बघायला येतात आणि कंटाळून जातात.

सोनार या सगळ्याचे गुरू. टाकणखार दगडावर पाण्यात उगाळायचा, सांध्याला बारीकसा लावायचा आणि फुंकणीने दिव्याची ज्योत वळवून तेवढ्याच टिंबाला लाल करायचं. एकाच दागिन्यात दहा सांधे असतील तर त्यांचे डाकही वेगवेगळे. पहिला सर्वांत उशिरा वितळणारा आणि शेवटचा सर्वांत लवकर वितळणारा. नाहीतर नवा सांधा करताना जुना सुटायचा. याच धंद्यातून आलेला एक शब्द घरोघरी माहीत आहे: केडीएम. दुकानांच्या पाट्यांवर हा शब्द शुद्धतेची खूण म्हणून मिरवला जायचा, पण मूळचा तो कॅडमियमचा. सोन्यात थोडं कॅडमियम घातलेला डाक वापरला की दागिन्याचा कस फारसा उतरत नाही, म्हणून तो आला. आणि कॅडमियम ७६७ अंशांना उकळतं, म्हणजे ज्योतीखाली त्याची वाफ होते आणि ती कारागिराच्या फुप्फुसात जाते. ती जीवघेणी आहे, म्हणून त्या डाकाला आता मान्यता नाही. चांदीच्या ब्रेझिंगच्या जुन्या कांड्यांतही कॅडमियम असायचं. कुणी ‘आजोबांची कांडी आहे, मस्त पळते’ म्हणून दिली तर घेऊ नका. मस्त पळते ती कॅडमियममुळेच.

आज बिनकॅडमियमच्या कांड्या मिळतात. ५६ टक्के चांदीची ६५० अंशांच्या आसपास पूर्ण पातळ होते. पोलाद, पितळ, तांबं, स्टेनलेस सगळ्यांवर चालते. महाग आहे, पण एका सांध्याला लागते नखाएवढी. बंबासाठी मात्र मला एसी दुरुस्त करणाऱ्या पोराकडून धडा मिळाला. एसीच्या तांब्याच्या नळ्या जोडायला ते तांब्यात सात टक्के फॉस्फरस असलेली कांडी वापरतात. तांब्यावर तांबं जोडताना तिला टाकणखारही लागत नाही, फॉस्फरस स्वतःच ऑक्साइड ओढून घेतो. ७१० अंशांना ती वितळू लागते आणि आठशेच्या आत पाण्यासारखी होते. पण त्याने बजावून सांगितलं: ‘लोखंडाला लावू नका. चिकटेल, पण ठिसूळ होऊन काचेसारखं तुटेल.’ आणि पितळ जोडायचं असेल तर टाकणखारासारखा फ्लक्स हवाच. माझी तोटी पितळेची होती. हे त्याने सांगितलं नसतं तर बंब पुन्हा गळला असता आणि मी शेवटी भंगारवाल्याकडेच गेलो असतो.

इंधनाबद्दल थोडक्यात. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर फक्त स्वयंपाकासाठी असतो. वर्कशॉपला तो वापरणं नियमात बसत नाही आणि त्याच्या रेग्युलेटरचा दाब टॉर्चला पुरतही नाही. ओळखपत्रावर मिळणारा पाच किलोचा छोटू घ्या, त्याला दाब कमी-जास्त करता येणारा रेग्युलेटर आणि आयएसआय मार्कची नळी लावा, प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडे पाहा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून तळघरात किंवा बंद खोलीत नाही. ऑक्सिजन-ॲसिटिलीनची ज्योत तीन हजार अंशांच्या वर जाते. काळा सिलिंडर ऑक्सिजनचा, किरमिजी ॲसिटिलीनचा; चौकातल्या गॅसवेल्डरकडे दोन्ही हातगाडीला साखळीने बांधलेले दिसतात. ऑक्सिजनच्या जोडाला तेलाचा हात लागला तरी पेट घेतो. घरी या जोडीची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. सर मात्र हे ऐकून मान हलवतात. त्यांच्या मते ज्याला गॅसने वेल्डिंग आलं नाही, त्याला धातू वितळताना कसा दिसतो हे कधी कळलंच नाही. त्यांचं बरोबर असेल. तरी सिलिंडर माझ्या पडवीत येणार नाहीत.

वितळताना धातू कसा दिसतो, हे मी विजेवर शिकलो. बंबाला नवं स्टँड हवं होतं, अँगलचं. विजेच्या कमानीने धातू वितळवायचा प्रयोग रशियाच्या बेनार्दोस यांनी १८८१च्या सुमारास कार्बनच्या कांडीने केला. आज आपण वापरतो त्या लेप दिलेल्या रॉडमागे स्वीडनचे ऑस्कर शेलबेर्ग आहेत. त्यांचा धंदा जहाजांच्या बॉयलरांच्या दुरुस्तीचा होता. म्हणजे मोठ्या बंबांचाच. त्या गळतीला कंटाळूनच ते लेपाच्या रॉडकडे वळले आणि १९०४ मध्ये गोथेनबर्गला त्यांनी काढलेली कंपनी आज एसाब म्हणून जगभर आहे. रॉडचा लेप जळून धूर होतो, तो हवेला दूर ठेवतो, आणि उरलेल्याची खपली वितळलेल्या धातूवर बसते. म्हणजे टाकणखाराचंच काम, फक्त रॉडच्या अंगावर बांधून दिलेलं.

पूर्वी वेल्डिंग मशीन म्हणजे चार माणसांनी उचलायचं तेलाचं धूड. आता इन्व्हर्टर मशीन पाच-सहा किलोचं, पिशवीत मावतं, घरच्या सिंगल फेजवर चालतं. अडीच मिलिमीटरचा ६०१३ रॉड ७० ते ८५ अँपिअरवर लावला तर १६ अँपिअरच्या सॉकेटला झेपतं. मात्र वायर जाड हवी, अर्थिंग खरं हवं, आणि एक्स्टेन्शन बोर्डाची वायर गुंडाळी न सोडता वापरायची नाही, ती आतल्या आत तापते. गंमत अशी की मशीन स्वस्त आणि हलकं झाल्यामुळे सांधे चांगले झाले नाहीत. रॉड चिकटायचा तो चिकटतोच. काडेपेटीवर काडी ओढावी तसा तो ओढून किंचित उचलायचा असतो, पण भीतीने हात खाली राहतो, रॉड लोखंडाला गच्च धरतो आणि लाल होतो. मी एका संध्याकाळी पुडक्यातले निम्मे रॉड असे वाया घालवले.

सरांनी मला पहिले चार दिवस काही जोडूच दिलं नाही. सहा मिलिमीटरच्या सपाट पट्टीवर नुसत्या रेघा. ‘ठिणगीकडे बघू नका. ठिणगीच्या मागे बघा.’ कमानीच्या झगमगाटामागे वितळलेल्या लोखंडाचं एक इवलं तळं असतं, त्याच्यामागे खपली सरकत येते. डोळ्यांना ते तळं आणि खपली वेगळी ओळखता आली की निम्मं वेल्डिंग आलं. खपली पुढे पळाली तर ती सांध्यात गाडली जाते. करंट कमी आहे किंवा हात रेंगाळतोय. रॉडचं टोक त्याच्या जाडीइतकंच दूर ठेवायचं. आवाजावरूनही कळतं: सगळं जमलं की भजी तळताना येतो तसा सलग चुरचुराट येतो, रॉड लांब गेला की फडफड आणि चौफेर शिंतोडे. पावसाळ्यात हे सगळं बिघडतं, कारण रॉडचा लेप ओल धरतो. मी रॉड पापडाच्या जुन्या घट्ट डब्यात ठेवतो. आईला तो डबा परत हवा आहे.

आणि वेल्डिंग खेचतं. हा शब्द प्रत्येक फॅब्रिकेशनवाला वापरतो. वितळलेला धातू थिजताना आकसतो आणि सगळी चौकट आपल्याकडे ओढतो. बंबाचं स्टँड गुण्यात पाहून, काटकोनात धरून मी एका बाजूने सरळ वेल्ड करत गेलो. शेवटी चारांपैकी तीनच पाय जमिनीला टेकत होते. आधी सगळीकडे टाके मारायचे, पुन्हा गुण्या लावायचा, मग समोरासमोर थोडं थोडं भरत जायचं. शिवणकामात आधी कच्चा टाका घालतात तसं. तेही स्टँड मी फेकलेलं नाही, त्यावर कुंडी आहे.

शिवणाचा विषय निघाला म्हणून मावशीच्या शिलाई मशीनचा पाय. बिडाचा, मधोमध चिरलेला. बिडात दोन ते चार टक्के कार्बन असतो. त्यावर साधा रॉड मारला की सांध्यालगतचा पट्टा काचेसारखा कडक होतो आणि थंड होताना ‘टक्’ असा आवाज करून शेजारीच नवी चीर जाते. माझ्या बाबतीत तो आवाज जेवणाच्या ताटावर ऐकू आला. मग सगळं घासून काढून, चिरेला व्हीसारखी खाच देऊन, पूर्ण तुकडा निवांत तापवून पितळेच्या कांडीने भरला आणि चुलीच्या राखेत रात्रभर पुरून ठेवला. पितळेला बीड वितळवावं लागत नाही, म्हणून ते रुसत नाही. ॲल्युमिनियमच्या मात्र नादी लागू नका. ते लाल होऊन इशारा देत नाही, ६६० अंशांना एकदम ढासळतं. आणि कुकर कधीही, कुठल्याही कारणाने, जोडायचा नसतो.

दुखापतींचं बोलायलाच हवं. वेल्डिंगची काच न लावता ‘एकच टाका’ मारला की त्या वेळी काही होत नाही. रात्री दोनला डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होऊन जाग येते. कमानीतल्या अतिनील किरणांनी बुबुळाची वरची त्वचा भाजलेली असते. बहुधा एक-दोन दिवसांत भरून येते, पण बटाट्याच्या चकत्या लावत बसण्यापेक्षा डॉक्टर गाठावा. हातात आपोआप काळी होणारी काच असली तरी शेजारी उभं राहून बघणाऱ्या पोरांना ती नसते. त्यांना आधी घालवा.

जीआय पाइप, म्हणजे जस्त चढवलेला. जस्त ९०७ अंशांना उकळतं, त्याचा पांढरा धूर छातीत गेला की काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो, तोंडाला धातूची चव येते. दूध प्यायलं किंवा गूळ खाल्ला की बाधत नाही, असं प्रत्येक दुकानात सांगतात. दूध पोटात जातं, धूर फुप्फुसात. जस्त आधी घासून काढा आणि वाऱ्याकडे पाठ न करता, धूर बाजूला जाईल असं बसा.

आणि बंद टाकी. माझ्याकडे एकांनी गळकी पेट्रोलची टाकी आणली. ‘धुतली आहे, वासही नाही.’ मी टॉर्च पेटवण्याआधी नुसतं झाकण उघडून नाक लावलं. वास होता. रिकाम्या टाकीत पेट्रोल नसतं, पेट्रोलची वाफ आणि हवा असते, आणि स्फोटाला तेच लागतं. तीच गत पंपाच्या पितळी स्टोव्हची आणि तेलाच्या पिंपाची. मी परत पाठवली. ते गृहस्थ अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

बंब जोडायला मी शेवटी तीन वर्षं घेतली. आधी त्यावरचा जुना शिशाचा डाक कणभरही न ठेवता काढावा लागला; ब्रेझिंगच्या तापात तो मिसळला की सांधा कमकुवत होतो. तोटीचं बूड आणि पत्र्याचं भोक कानशीने एकमेकांना जुळवलं, फ्लक्स लावला, चार विटा रचल्या आणि दुपारी पडवीचे पडदे ओढून घेतले, कारण उन्हात धातूचा लाल रंग दिसत नाही आणि तापमान सांगणारं दुसरं काही माझ्याकडे नव्हतं. पत्रा काळपट, मग मंद लाल, मग पिकल्या करवंदाच्या आतल्या लालसारखा झाला. कांडी टेकवली. ती तोटीभोवती एक चक्कर मारून स्वतःच जाऊन बसली. फार तर वीस सेकंद. फ्लक्सची काच गरम पाण्यात विरघळवून काढली, लिंबूसत्त्वाच्या पाण्याने घासलं, रात्रभर पाणी भरून खाली वर्तमानपत्र पसरलं. सकाळी कागद कोरडा.

माझा सांधा तांबटाच्या सांध्याशेजारी गबाळा दिसतो. दातेरी रेघेला शंभरएक वर्षं झाली असतील, माझ्या कड्याला दोन. यंदा तुमच्याकडे बंब किंवा हंडा माळ्यावरून खाली आला, तर घासताना ती रेघ बोटाने चाचपून पाहा, आणि केवळ तोटी गळते म्हणून तो काट्यावर चढवू नका. आणि हो, आत पाणी आहे ना, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय काडी ओढू नका.